डावा कान

नाही हो, दुखत नाही — मुखवट्यानं काय दुखायचंय, प्लास्टिकची जाळी असते ती, गरम पाण्यात टाकली की ओल्या फडक्यासारखी लुळी पडते, मग तोंडावर पसरतात, दाबतात, आणि गार झाली की अशी कडक होते की तिच्यावर दार आपटा. डोकं हलू नये म्हणून. टेबलाला खिळवून टाकतात माणसाला आणि मग यंत्र फिरतं. तुमचे आत्ता मापालाच गेलेत ना? मग बसा निवांत. ही नको, ती खुर्ची घ्या, हिचा पाय हलतो. आमच्या ह्यांचा मुखवटा दोनदा करावा लागला होता. का म्हणजे? हसले! तोंडावर गरम जाळी, भोवती सगळे गंभीर, आणि ह्यांना हसू आलं — म्हणे गुदगुल्या झाल्या — आणि जाळी तशीच वाळली, एक गाल वर, एक गाल खाली. तो मापवाला म्हणाला, काका, रोज असाच गाल करून झोपणार आहात का? मग परत केली. ती पहिली, वाकड्या गालाची, हे घरी घेऊन आलेत, आरशाशेजारी खिळ्याला टांगलीय. सकाळी उठलं की दोन थोबाडं बघायची मी — एक हसणारं आणि एक माझं.

तुम्हाला सिस्टरनं पाठवलं ना माझ्याकडे? वाटलंच. ‘त्या इस्त्रीवाल्या बाईंशी बोला’ — हेच म्हणाली ना? इथं माझी तेवढीच ओळख. लघवीच्या पिशवीचा कॅन्सर, आणि तोही लहान पेशींचा, बरोबर? अगं बाई, म्हणजे तुम्ही अगदी आमच्याच गल्लीतल्या निघालात. इतके महिने येतेय मी इथं, सगळे फुफ्फुसवाले भेटतात. पिशवीवाले भेटतात तेही साधे पिशवीवाले. आमचा तो दुर्मीळ. दुर्मीळ! रंगारी माणूस हो, भिंती रंगवल्या जन्मभर, रस्त्यानं चालला तर कुत्रं मान वर करून बघणार नाही, आणि इथं आला तर डॉक्टरांची रांग — हा आला, तो आला, शिकाऊ पोरं आली, पांढरा वाघ बघायला यावं तसे. हे पलंगावर बसून सगळ्यांना हात करायचे. मला म्हणतात कसे, बघ, तुला कधी किंमत कळली नाही माझी.

सुरुवात काय विचारता. लाल लघवी. दोन-तीनदा झाली तरी बोलले नाहीत, आणि बोलले तेव्हा काय, तर ‘अगं, लाल ऑक्साईड आता आतूनच यायला लागलंय, डबा विकत घ्यायला नको.’ मी हसले. हो, हसले, काय करू? ह्या माणसाबरोबर राहायचं तर हसण्यावारी न्यायची सवयच लावून घ्यावी लागते, नाहीतर वेड लागेल. असो. औषधं झाली — ती सलाईनमधून देतात ती, उलट्यांची — मग खालचे शेक झाले, यंत्राखाली झोपवून देतात ते किरणांचे, आणि मग तो डॉक्टर, तो बूटवाला — तुम्हाला पण तोच आहे ना? चकचकीत बूट, मी कपड्यांना इस्त्री करते पण असली चकाकी नाही आणता येत — त्यानं आम्हाला बसवलं आणि सांगितलं, रोग गेला. फोटोत कुठंच काही नाही. मी हात जोडले. तर म्हणतो, आता डोक्याला शेक देऊ.

मी म्हटलं, डोक्यात आहे का? नाही. डोक्याचा फोटो? स्वच्छ. मग कशाला? तर म्हणे, ह्या जातीच्या पेशींना डोक्यात पळायची खोड असते, आणि औषध तिथं नीट पोचत नाही, म्हणून आधीच. खबरदारी म्हणून. — आता मला सांगा, ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. धुतलेला, परीटघडीचा शर्ट समोर ठेवला, एक सुरकुती नाही, आणि मी म्हटलं की थांबा, उद्या पडेल सुरकुती, आजच फिरवते इस्त्री, जरा जास्त गरम — तर तुम्ही काय म्हणाल? म्हणाल, बाई, शर्ट जाळशील. तेच म्हटलं मी त्याला. तो हसला नाही. चांगला आहे तसा तो, खोटं नाही बोलत, म्हणाला, खात्री नाही देत मी, तुमच्यासारखे पेशंट इतके कमी की पक्कं कुणालाच सांगता येत नाही, पण फुफ्फुसाच्या असल्याच रोगात देतात आणि तिथं उपयोग होतो. म्हणजे काय? शेजारणीच्या मापाची चप्पल! तिला होते ना, मग घाला तुम्हीपण. आणि लागली तर? तर म्हणे, थोडं विसरायला होऊ शकतं. थोडं. नंतर. सगळ्यांनाच होतं असं नाही. असं अगदी सावकाश म्हणाला, गिऱ्हाइकाला जळका शर्ट परत देताना मी बोलते ना, तसं.

मी भांडायला तोंड उघडलं तेवढ्यात हे म्हणाले, ‘प्रायमर आहे तो. भिंत कोरडी असतानाच मारायचा असतो, ओल आल्यावर मारून काय उपयोग? मारून टाका, साहेब, दोन हात.’ झालं! डॉक्टर खूश. म्हणाला, काकांना बरोब्बर समजलं. समजलं का? मी बघत होते ह्यांच्याकडे — हा माणूस हो म्हणतोय की गंमत करतोय? तुमच्या नवऱ्याला विचारलं की तो सरळ हो नाहीतर नाही म्हणत असेल. माझ्या नशिबी ते नाही. लग्न झाल्यापासून मी ह्यांचं वाक्य आधी उलटं करून बघते, मग सुलटं, मग झटकते, आणि मग ठरवते की हे घडी घालून ठेवायचं की टाकायचं. पण तिथं डॉक्टर बाहेरच्या पेशंटला बोलवायला निघालासुद्धा. दिले मग शेक. प्रायमरचे. केस गेले, मग आले, आता आहेत ते बघालच — पिलाच्या अंगावर असतात तसे. भर उन्हात डोक्याला थंडी वाजते म्हणतात, म्हणून मी ती कानटोपी आणली. तपकिरी. हनुवटीखाली बटण. मीच लावते.

थट्टा म्हणजे किती, तर सांगते, अजून आमच्या ह्यांना बराच वेळ आहे आत. आमचं नवीन-नवीन होतं तेव्हाची गोष्ट. मला बाजारात न्यायचे. मी भाव करतेय, भांडतेय, आणि मागं वळून बघते तर हे नाहीत. कुठं? दोन गाळे सोडून, कुणा भलत्याच बाईच्या शेजारी. तिची पिशवी हातात धरून, अगदी रोजचं असल्यासारखं म्हणतायत, ‘चल गं, झालं का?’ ती बाई किंचाळायचीच बाकी! मी धावत जायचे, शिव्या देत. एकदा एकीनं छत्री हाणली, पाठीवर वळ उठला, मी म्हटलं, बरं झालं, अजून एक द्या. तरी सुधारले नाहीत. माझी मोठी बहीण म्हणायची, हा माणूस एवढा गंभीर चेहरा करतो, तुला कळतं कसं गं? मी तिला कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काय, आज आहात, उद्या आपापल्या घरी. डावा कान. हसू दाबलं ना, की ह्यांचा डावा कान हलतो. गाढवासारखा. तोंड दगडाचं, डोळे साधूचे, आणि कान वळवळतोय. त्यांना स्वतःलाही माहीत नाही. म्हणून बाजारात मला भीती कधी वाटली नाही — राग यायचा, पण भीती नाही. दुरून कान बघायचा, की झालं.

हां, ते विचारत होता ना तुम्ही — आत काय चाललंय. परीक्षा. विसरभोळेपणाची परीक्षा. शेकाच्या आधी एक घेतात आणि मग मधूनमधून. ती एक बारीकशी मुलगी आहे, वेणी घातलेली, फार गोड बोलते, आम्ही तिला परीक्षावाली म्हणतो. ती पाच शब्द सांगते, मग इकडचं-तिकडचं विचारते, मग म्हणते, ते शब्द सांगा. मग घड्याळ काढायला लावते. आज कोणता वार. बरोबर कोण आलंय. असलं. आता मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण परीक्षा म्हणजे काय ते मला कळतं. परीक्षा म्हणजे पास व्हायचं. ह्याच बाकावर एक फुफ्फुसवाल्याची बहीण बसायची, जाड चष्म्याची, तिनं मला शब्द सांगितले — शिडी, लिंबू, घंटा, गवत, खिडकी. तुम्ही पण घ्या, हसता काय, घ्या पाठ करून, उपयोगी पडतील! लिहू नका हो, पाठ करा. शिडी, लिंबू, घंटा, गवत, खिडकी.

मी काय केलं, लाँड्रीतच वर्ग भरवला. हे स्टुलावर बसायचे, मी इस्त्री फिरवायचे. इस्त्री खाली टेकली की शिडी. उचलून टेकली की लिंबू. घंटा. गवत. बाही उलटली की खिडकी. चुकले की तोंडावर पाण्याचा शिपका. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, माझी पँट झाली का? हे म्हणायचे, घंटा! सगळी गल्ली पाठ म्हणायला लागली. असा तयार केला गडी. आणि परीक्षेच्या दिवशी — ती परीक्षावाली म्हणते, काका, मी आता पाच शब्द सांगणार आहे, नीट ऐका. तिनं तोंड उघडायच्या आत ह्यांनी सांगून टाकले! पाचही. क्रमानं. दारापाशी मी कपाळावर हात मारून घेतला. दार कसलं, पुठ्ठा आहे तो, सगळं ऐकू येतं. ती म्हणाली, काका, मी अजून सांगितलेच नाहीत. तर हे म्हणतात, ‘तुम्ही दमलेल्या दिसता, म्हटलं तुमचा त्रास वाचवावा.’

मग तिनं शब्द बदलले. मीही बदलले — पुठ्ठ्याला कान लावला आणि दुसरे पण उतरवले डोक्यात. तिसरे पण. तिच्याकडे तेवढेच आहेत, मी सांगते तुम्हाला, आलटून-पालटून तेच. आता कुठलेही विचारा, आमचा रंगारी तयार आहे.

घड्याळ? घड्याळाचं काय झालं — गोल काढला, आकडे घातले, काटेच नाहीत. ती म्हणाली, काका, काटे? तर हे म्हणाले, ‘मी भिंत रंगवून देतो, घड्याळ चालू करायचं काम मालकाचं.’ बूटवाला पण तिथंच होता, तो सुद्धा खो-खो हसला. मी पण हसले. काय वाईट आहे त्यात? बरोबरच आहे की. मग एक दिवस संध्याकाळी घरी आलेच नाहीत. मी लाँड्री तशीच उघडी टाकली आणि निघाले शोधायला. कुठं सापडले? आमच्या जुन्या खोलीच्या दारात. ती खोली सोडून आम्हाला जमाना झाला, ताई, मुलगी तेव्हा रांगत होती, आता तिला मुलगी आहे. तिथं जे लोक राहतात ते भले, त्यांनी ह्यांना खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं. हे पायांतल्या चपला काढून ऐसपैस बसलेले. मी म्हटलं, अहो, इथं काय करताय? तर म्हणाले, ‘माझा रंग टिकलाय का बघायला आलो.’ आणि ती माणसं म्हणाली, हो हो, काका अगदी बारकाईनं भिंत बघत होते. मग? मग झालंच की! रंगारी रंग बघायला जाणार नाही तर कोण जाणार? तेच लोक म्हणाले की काका आल्या-आल्या ‘ही कुठंय’ म्हणून विचारत होते — ते मी काही मनावर घेतलं नाही. लोक वाढवून सांगतात.

असं बघू नका माझ्याकडे. थट्टा आहे ती. मी ह्या माणसाला ओळखते.

तर आज काय आहे — आज महत्त्वाची आहे परीक्षा. आज सगळं नीट झालं तर बूटवाला त्यांना कामावर जायची परवानगी देणार आहे. त्यांनीच हट्ट धरलाय. ठेकेदारानं निरोप पाठवलाय, उंच इमारत आहे, बाहेरून रंगवायची, बांबूची परांची बांधून तयार. हे लहान पोरासारखे उड्या मारतायत. मला काय, जाऊ देत, घरात बसून माझं डोकं खातात, स्टुलावरून सूचना देतात — ही कॉलर अशी नाही, तशी कर. रंगाऱ्यानं मला इस्त्री शिकवायची! जाऊ देत वर. वारा लागेल. परांचीवर उभं राहायला काय लागतं? पाय लागतात. पाय ठणठणीत आहेत. आणि हे काही काल चढलेले नाहीत, मागं सरायचं नाही हे विसरायची गोष्ट आहे का? उंचावर उभा असलेला माणूस, भिंत कशी झाली ते बघायला दोन पावलं मागं… नाही हो. असं कुणी विसरतं का?

काय म्हणालात? कुणाला सांगू? त्या परीक्षावालीला? की मी शब्द पाठ करून घेतले म्हणून? मला काय वेड लागलंय? आणि सांगून ती काय करणार — परत परीक्षा घेणार, नवे शब्द काढणार, आणि मग काय कळणार? काय कळायचंय? मागच्या खेपेला तिनंच मला बाजूला बोलावलं होतं. काकू, तुम्ही चोवीस तास बरोबर असता, तुम्हाला काही फरक जाणवतो का? मी म्हटलं, काही नाही, होता तसाच आहे, बाष्कळ. ती म्हणाली, तसं नाही, मी आज विचारलं की बरोबर कोण आलंय, तर काका म्हणाले, ‘मास्तरीणबाई.’ ‘आमच्या मास्तरीणबाई आल्यात. फार कडक आहेत. पाणी मारतात तोंडावर.’

मी इतकी हसले! ह्याच बोळात उभी राहून, भिंतीला धरून. त्या मुलीला म्हटलं, अगं, मी शिकवते ना घरी — म्हणजे सांभाळून म्हटलं, असंच, गप्पा मारते — म्हणून मला मास्तरीण म्हणतात. चौथी पास मास्तरीण! टोमणा आहे गं तो, टोमणा. ती पण हसली. लिहिलं तिनं काहीतरी आणि गेली. दुसऱ्या दिवशी लाँड्रीत एका वकिलाच्या शर्टाची कॉलर जाळली मी. इतक्या वर्षांत पहिली. इस्त्री टेकवली आणि उचलायचीच राहिली. धूर निघाला तेव्हा हे स्टुलावरून म्हणतात, ‘शिडी.’

घरी? घरी कसं बघणार कान, सांगितलं ना, कानटोपी असते. काढत नाहीत. झोपेतही असते. म्हणजे — काढा म्हटलं तर काढतील, माझं ऐकतात आता फार, पूर्वी कधी ऐकत नव्हते. पण थंडी वाजते हो त्यांना. उगीच कशाला काढायला लावायची? बटण मी घट्ट लावते, वारा जाऊ नये म्हणून.

तुम्ही तुमचं विचारताय मघापासून आणि मी माझंच दळण दळतेय. घ्यावा की नाही शेक? मला विचारता? मी काय बूटवाली आहे? मुखवटा झाला म्हणून घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, आत्ता उठून घरी जाल तरी कुणी धरत नाही. आणि गेलात, आणि पुढच्या वर्षी डोक्यात निघाला, तर? त्या चष्मेवालीच्या भावानं नको म्हटलं होतं. ती आता येत नाही ह्या बाकावर. आमच्या ह्यांच्या डोक्याचा फोटो काढला परवा — स्वच्छ! आरशासारखा, डॉक्टर म्हणाला, एक डाग नाही. भिंत अगदी कोरडी आहे. आता घरात माणसं आहेत की उठून गेलीत, ते भिंतीच्या फोटोत नाही दिसत, पण तेवढं कुणी विचारलंच नव्हतं तेव्हा. जेवतात, झोपतात, हसवतात. माणूस आहे समोर. चालताबोलता आहे. नसता तर मी कुणावर ओरडले असते? — एवढं मात्र करा, ताई. आज घरी गेलात की तुमच्या नवऱ्याला समोर बसवा आणि सरळ विचारा, तुला पाहिजे का? आणि विनोद केला तर कानफटात मारा. खरंच मारा. सरळ उत्तर घेतल्याशिवाय उठू देऊ नका. आणि ते शब्द — मघाशी दिले ते — ते नका करून घेऊ पाठ. विसरा. चुकू दे त्याला. चुकला तर चुकला, निदान तुम्हाला चुकलेलं… काही नाही. विसरा म्हटलं ना.

उघडलं दार. थांबा. ती बघा, परीक्षावाली, हसतेय. काय गं, झालं? … पाचही? … घड्याळ पण? काट्यांसकट! बघा! ऐकलंत ना तुम्ही? सगळं बरोबर. डॉक्टरांना सांगते म्हणाली, कामावर जायला हरकत नाही म्हणाली. म्हटलं नव्हतं मी? एवढ्या इस्त्र्या फिरवल्या त्या काय फुकट? आले, आले बघा साहेब. कानटोपीवाले. चालतायत कसे छाती काढून, जणू पहिला नंबर आलाय. अहो! इकडे. इकडे या. इथं बसलेय मी. अहो, ती दुसरी बाई आहे, तिच्या शेजारी काय बसताय?

उठू नका, ताई. बसा तुम्ही. पिशवी सोडा, घेऊ दे त्यांना पिशवी, काही करत नाहीत. काय म्हणाले तुम्हाला? मी ऐकलं, मी ऐकलं. ‘चल गं, झालं का?’ म्हणाले. हेच ते! हेच तर मघाशी सांगत होते मी तुम्हाला, बाजारातलं, अगदी हेच, शब्द न् शब्द! बघा कसा चेहरा केलाय. मला बघून ओळख दाखवत नाहीत, बघा, आरपार बघतायत, एवढं सोंग! पुरे आता. अहो, पुरे. हसा आता. त्यांना त्यांच्या माणसाची काळजी आहे, त्यांच्याशी कसली थट्टा? हसा म्हणते ना.

ताई, तुम्ही अगदी जवळ आहात. मला इथून नाही… तेवढं एक करा. ते बटण काढा हनुवटीखालचं, आणि ती कानटोपी, डाव्या बाजूची, जरा वर करून बघा हलतोय का —

नको. हात काढा. राहू दे. थंडी वाजते त्यांना.